चित्रकारांचे गाव आणि सर्वांचा समुद्र



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. युनियनचा माणूस बोनस, महागाईभत्ता, कंत्राटी कामगार यांवर बोलेल. तो परदेशातल्या चित्रकारांच्या गावावर काय बोलणार? शंका रास्त आहे. मी चित्रकलेचा जाणकार नाही. शाळा लवकर सुटली, पंधराव्या वर्षी यंत्रमागावर उभा राहिलो आणि पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात आणि कामगारांच्या सभांत झाले. परंतु कामगार चळवळीत पस्तीस वर्षे काढल्यावर एक प्रश्न मला सतावू लागला. आपण पगारासाठी लढलो, कामाच्या तासांसाठी लढलो, सुटीसाठी लढलो. पण मिळालेल्या सुटीचे माणसाने करायचे काय? विसावा, सौंदर्य, समुद्रावरची हवा ही ज्याच्या खिशात पैसा आहे त्याचीच मिरास आहे काय? या प्रश्नाचे थोडेसे उत्तर मला हॉलंडमधल्या एका लहान गावात सापडले. ते आपल्यापुढे ठेवावे एवढाच आजचा हेतू.

कामगार संघटनांच्या एका बैठकीच्या निमित्ताने मी आम्स्टरडॅमला गेलो होतो. बैठक संपल्यावर एक दिवस मोकळा मिळाला. आमचे यजमान निवृत्त रेल्वे कामगार होते. ते म्हणाले, "शहर तुम्ही पाहिलेत. आता आमचे बर्गेन पाहा. तिथे चित्रे आहेत, समुद्र आहे, आणि तुमच्या कामाचा इतिहासही आहे." तिथले लोक या नावातला 'ग' घशातून, 'ख'सारखा काढतात, आपण आपले बर्गेनच म्हणू. नॉर्वेत याच नावाचे मोठे बंदर आहे, ते हे नव्हे. हे गाव उत्तर हॉलंड प्रांतात, आल्कमार शहरापासून पाचसहा किलोमीटरवर आहे.

वाटेत आल्कमार लागते. तिथला चीजचा बाजार जगप्रसिद्ध आहे. वसंतापासून सप्टेंबरपर्यंत शुक्रवारी सकाळी तो भरतो. पिवळ्या चाकांसारखे चीजचे गोळे चौकात मांडलेले असतात आणि पांढऱ्या कपड्यांतले हमाल ते लाकडी पाळण्यावर घालून वाहतात. पाळणा पट्ट्यांनी दोघांच्या खांद्यांना अडकवलेला असतो, त्यावर शंभर किलोंहून अधिक ओझे असते, आणि दोघे एका विशिष्ट लयीत तुरुतुरु पळतात. लय चुकली तर पाळणा हेलकावे खाऊन माल खाली येतो. आता हा बाजार मुख्यतः प्रवाशांसाठी भरतो हे खरे. पण या हमालांचा संघ 1593 सालापासून चालत आला आहे. त्याच्या चार टोळ्या आहेत. लाल, हिरवी, निळी आणि पिवळी अशी टोप्यांच्या रंगांवरून त्या ओळखल्या जातात. आपल्या महाराष्ट्राने माथाडी आणि हमाल कामगारांसाठी 1969 साली कायदा केला, तो कितीतरी वर्षांच्या झगड्यानंतर. त्यामुळे चारशे वर्षांहून जुना हमालांचा संघ पाहताना माझी मान आदराने लवली. या हमालांचा उल्लेख मी उगीच केलेला नाही; पुढे ते पुन्हा आपल्याला भेटणार आहेत, आणि तेही चित्रात.

आल्कमारहून बर्गेनला बस जाते. गावात शिरताच पहिली जाणवते ती झाडी. हॉलंड हा सपाट, उघडा, कालव्यांनी आखलेला देश. त्यात हे गाव उंच झाडांच्या सावलीत दडून बसलेले आहे. मध्यभागी एक चर्च आहे, त्याला भग्न चर्च असेच म्हणतात. 1574 साली, स्पेनविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धात, डच बंडखोरांच्याच फौजेने ते जाळले, शत्रूला त्याचा आसरा मिळू नये म्हणून. पुढे लोकांनी त्याचा एक भाग दुरुस्त करून वापरात आणला आणि उरलेल्या भिंती तशाच उभ्या ठेवल्या. त्या पडक्या कमानींच्या भोवती आज दुकाने आहेत, खानावळी आहेत, सायकलींची गर्दी आहे.

या गावात चित्रकार का आले? आपल्याकडे समज असा की कलावंत प्रेरणेच्या मागे धावतो. प्रेरणा असतेच, पण प्रेरणेला भाडे भरता येत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्गेनमध्ये राहणे स्वस्त होते. 1905 साली आल्कमारहून बर्गेनपर्यंत वाफेची ट्राम सुरू झाली आणि आम्स्टरडॅमच्या गिऱ्हाइकांशी संबंध तुटू न देता खेड्यात राहणे शक्य झाले. एका बाजूस जंगल, दुसऱ्या बाजूस शेते, पाच किलोमीटरवर वाळूच्या टेकड्या आणि समुद्र. एवढे सारे कमी भाड्यात मिळाले तर चित्रकार येणारच.

मग 1914 चे महायुद्ध आले. हॉलंड तटस्थ राहिला. ल फोकोनिए नावाचा फ्रेंच चित्रकार युद्धामुळे हॉलंडमध्ये अडकला, आणि पॅरिसमधली नवी चित्रकला त्याच्याबरोबर तिथे राहिली. त्याच्या प्रभावातून साधारण 1915 ते 1925 या काळात जो संप्रदाय निर्माण झाला त्याला 'बर्गेन स्कूल' म्हणतात. लेओ गेस्टेल, मातियू आणि पीट हे वीखमन बंधू, फिलार्स्की, कोलनॉट, एल्स बेर्ख आणि तिचा नवरा मॉमी श्वार्त्स ही त्यातली प्रमुख नावे. त्यांची चित्रे गावातल्या क्रानेनबुर्ख संग्रहालयात आणि आल्कमारच्या नगरसंग्रहालयात पाहायला मिळतात. आपण हॉलंडचे चित्र म्हणून ट्यूलिपची लाल-पिवळी शेते मनात धरून जातो. इथे तपकिरी, काळसर हिरवा, मातकट लाल असे जड रंग भेटतात. झाडे दगडातून कोरल्यासारखी, घरे जमिनीत रुतलेली. मला ही चित्रे परकी वाटली नाहीत. पावसाळ्यात संध्याकाळी पाळी सुटल्यावर कामगार वस्ती अशीच दिसते.

या चित्रकारांचे पोट कसे चालत होते हेही मी विचारले, धंद्याची सवय. तर आम्स्टरडॅमचा एक धनिक, पीट बूनडरमाकर, याने त्यांची चित्रे शेकड्यांनी विकत घेतली आणि तो स्वतः बर्गेनमध्ये येऊन राहिला. पुढे जागतिक मंदीच्या काळात त्याचा व्यवहार कोसळला आणि संग्रह विखुरला. गेस्टेलच्या घराला तर 1929 साली आग लागून त्याचे पुष्कळ काम जळाले. एका धन्यावर अवलंबून असलेल्या कारागिराचे जे होते तेच कलावंताचेही होते. धनी उदार असो वा कंजूष, धन्याचे दिवाळे निघाले की कारागीर रस्त्यावर येतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटली ती एक स्त्री, शार्ली टोरोप. तिचा बाप यान टोरोप हा जावा बेटात जन्मलेला मोठा चित्रकार. शार्लीने 1921 च्या सुमारास बर्गेनमध्ये घर बांधवले, मुलांना वाढवले, आणि 1955 साली त्याच घरात तिचा अंत झाला. ती माणसे रंगवी ती समोरून, डोळ्याला डोळा भिडवून. आल्कमारचे ते चीज वाहणारे हमाल तिने रंगवले आहेत. प्रवासी ज्यांच्याकडे गंमत म्हणून पाहतात त्यांचे चेहरे तिच्या चित्रात कष्टकऱ्यांचे चेहरे होतात. रॉटरडॅम शहर 1940 मध्ये जर्मन बॉम्बफेकीत बेचिराख झाले. त्या पडक्या शहराच्या पार्श्वभूमीवर उभी असलेली एक कामगार स्त्री तिने युद्धकाळात रंगवली. त्या बाईच्या चेहऱ्यावर रडे नाही, आवेश नाही. ती फक्त पाहते आहे. संप फसल्यावर घरी परतणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या डोळ्यांत हेच असते.

आता समुद्राकडे वळू. गावातून पश्चिमेला निघालो की प्रथम जंगल, मग वाळूच्या टेकड्या. या टेकड्या म्हणजे हॉलंडचा तट आहे. देशाचा मोठा भाग समुद्रसपाटीच्या खाली. मध्ये ही वाळू नसती तर समुद्र थेट घरात आला असता. ती वाऱ्याने उडू नये म्हणून शतकानुशतके तिच्यावर एक चिवट गवत हाताने लावत आले आहेत. 1990 सालापासून सरकारने ठरवले आहे की किनारा आहे तिथून मागे सरकू द्यायचा नाही. त्यासाठी दरवर्षी समुद्रतळातून लक्षावधी घनमीटर वाळू उपसून किनाऱ्यावर आणून टाकतात. सौंदर्य म्हणून आपण जे पाहतो त्याच्या पोटात केवढी मजुरी असते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

टेकड्या ओलांडल्या की 'बर्गेन आन झे', म्हणजे समुद्रावरचे बर्गेन. हे काही कोळ्यांचे जुने गाव नव्हे. बर्गेनची जहागीर व्हान रेनेन घराण्याकडे होती. त्यातला याकोब व्हान रेनेन गावचा नगराध्यक्षही होता. त्याने आणि त्याची पत्नी मारी हिने 1906 साली उघड्या वाळूवर हे विश्रांतिस्थान वसवले. 1909 साली ट्राम समुद्रापर्यंत नेली. तिच्या छोट्या इंजिनाला लोक लाडाने 'बेलो' म्हणत. 1955 साली ही ट्राम बंद झाली. इंजिन मात्र जपून ठेवले आहे.

1906 हे साल ऐकताच मी थबकलो. त्याच वर्षी हॉलंडमधल्या कामगार संघटनांचा मध्यवर्ती संघ स्थापन झाला आणि त्याचा पहिला अध्यक्ष होता हेन्री पोलाक, आम्स्टरडॅमच्या हिरे कामगारांचा पुढारी. म्हणजे एकीकडे एक जमीनदार समुद्रावर बंगले आखत होता आणि दुसरीकडे हिऱ्यांना पैलू पाडणारे कामगार तासांचा हिशेब मागत होते. या पोलाकविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. त्याच्या युनियनने आपली कचेरी बांधली ती बेर्लाखे या थोर वास्तुशिल्पज्ञाकडून, आणि तिच्या भिंती नामांकित चित्रकाराकडून रंगवून घेतल्या. कामगाराने सुंदर इमारतीत पाऊल टाकावे, पुस्तके वाचावीत, निसर्ग ओळखावा, असा त्याचा आग्रह होता. हे खाते वेगळे आणि पगाराचे खाते वेगळे असे त्याने मानले नाही. त्याच युनियनने 1911 साली आठ तासांचा दिवस मिळवला. साऱ्या देशाला तो कायद्याने मिळाला 1919 साली.

आणि समुद्रावरच्या त्या नव्या वस्तीत कोण आले? बंगलेवाले आलेच. पण पहिल्या काही वर्षांतच तिथे 'झेहाउस', म्हणजे समुद्रगृह, उभे राहिले. ते होते आम्स्टरडॅमच्या अनाथाश्रमातल्या मुलांसाठी. त्या काळी हॉलंडच्या किनाऱ्यावर अशी मुलांची घरे पुष्कळ निघाली. शहरातल्या कोंदट वस्तीतली फिकट, अशक्त मुले काही आठवड्यांसाठी तिथे आणायची, त्यांना दूध पाजायचे, हवेत खेळवायचे, आणि आल्यावर व जाताना त्यांचे वजन करायचे. वजन वाढले की मोहीम फत्ते. आज आपल्याला त्यात दयाधर्माचा वास येईल. तरी एक गोष्ट मान्य करावी लागते: समुद्र हे औषध आहे आणि ते गरिबाच्या पोरालाही मिळाले पाहिजे, हे त्या लोकांनी ओळखले.

हेर्मान खोर्टर हा डच भाषेतला मोठा कवी याच किनाऱ्यावर येऊन राहत असे. त्याचे 'मे' हे दीर्घकाव्य 1889 चे. पुढे तो समाजवादी झाला, आणि 1920 साली त्याने थेट लेनिनला खुले पत्र लिहून वाद घातला. कविता आणि कामगार यांची सांगड आपल्याला नवी नाही. गिरणगावात नारायण सुर्वे झाले, अण्णाभाऊ साठे झाले. म्हणून तिथल्या वाळूत चालताना मला परक्या मुलुखात आल्यासारखे वाटले नाही.

पण बंधूंनो, हे सारे चित्र इतके गोड राहिले नाही. मे 1940 मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या. फेब्रुवारी 1941 मध्ये आम्स्टरडॅममध्ये ज्यू तरुणांची धरपकड झाली. तेव्हा पीट नाक हा सफाई कामगार आणि विलेम क्रान हा रस्तेकामगार यांनी पुढाकार घेतला, बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षाने पत्रके वाटली, आणि 25 फेब्रुवारीला शहर बंद पडले. ट्राम थांबल्या, गोद्या थांबल्या, कारखाने थांबले. दुसऱ्या दिवशी तो संप गोळ्यांनी मोडला. मागणी पगाराची नव्हती. शेजाऱ्याला उचलून नेले म्हणून केलेला तो संप होता. क्रानला 1942 साली गोळ्या घातल्या. आम्स्टरडॅममध्ये गोदी कामगाराचा एक पुतळा आहे, छाती पुढे काढलेला, हात मोकळे. दर 25 फेब्रुवारीला लोक तिथे जमतात.

संपाने ज्यू वाचले नाहीत. एल्स बेर्ख आणि मॉमी श्वार्त्स हे बर्गेनच्या चित्रकारांतले जोडपे ज्यू होते. 1942 साली दोघांना पकडून आऊशवित्सला नेले आणि तिथे मारले. जर्मनांनी कलावंतांसाठी एक सरकारी मंडळ काढले होते. त्यात नाव नोंदवल्याशिवाय चित्र विकता येणार नाही, असा हुकूम होता. शार्ली टोरोपने नाव नोंदवले नाही. नाव न नोंदवणे म्हणजे काय, हे संपकाळात हजेरीपटावर सही न करणाऱ्या कामगाराला विचारा. चूल थंड ठेवण्याचा तो निर्णय असतो. आणि समुद्रावरचे ते विश्रांतिस्थान? समुद्रमार्गे दोस्तांची फौज उतरेल या भीतीने जर्मनांनी किनाऱ्यावर तटबंदी बांधली, त्यासाठी लोकांना हलवले आणि बर्गेन आन झेचा मोठा भाग पाडून टाकला. आज जी घरे दिसतात त्यांतली पुष्कळ युद्धानंतरची आहेत.

युद्धानंतर हॉलंडने एक प्रयोग केला, तो मला महत्त्वाचा वाटतो. 1949 सालापासून, ज्या कलावंताला मिळकत नाही त्याला सरकारी पैशातून ठरावीक रक्कम द्यायची आणि मोबदल्यात त्याने आपली चित्रे, शिल्पे सार्वजनिक मालकीत द्यायची, अशी योजना सुरू झाली. ही भीक नव्हती, कामाचा दाम होता. 1987 साली योजना गुंडाळली. टीका अशी झाली की गोदामे चित्रांनी भरली आणि त्यांतली बरीच कुणी पाहिलीही नाहीत. टीकेत तथ्य होते. पण कलावंत हा राबणारा माणूस आहे आणि त्याच्या पोटाची काळजी समाजाने करावी, ही गोष्ट एका राष्ट्राने जवळजवळ चाळीस वर्षे मान्य केली, हेही तितकेच खरे. आपल्याकडे तमाशातल्या कलावंतिणीला, वासुदेवाला, शाहिराला म्हातारपणी मानधनासाठी किती हेलपाटे घालावे लागतात ते आपण जाणता.

त्या झेहाउसचे पुढे काय झाले? कामगार पक्ष आणि कामगार संघ यांनी मिळून 1924 साली कामगार-शिक्षणाची एक संस्था काढली होती. तिच्यातून पुढे निव्होन ही संस्था झाली. तिने देशभर साधी विश्रांतिगृहे चालवली: स्वयंपाक आपला आपण करायचा, झाडलोट वाटून घ्यायची, भाडे कामगाराला परवडेल असे. अनाथ मुलांसाठी बांधलेले झेहाउस या संस्थेकडे आले. म्हणजे जे दयेने दिले गेले होते ते पुढे कामगारांनी स्वतःच्या वर्गणीतून, स्वतःच्या हाताने चालवले. मी त्या वास्तूसमोर बराच वेळ उभा होतो. आमचे यजमान म्हणाले, "लहानपणी आईवडिलांबरोबर अशाच एका घरात आम्ही सुटीला जात असू. बटाटे सोलण्याची पाळी माझी असे." समुद्र पाहिल्याची आठवण सांगताना त्यांना बटाटे आठवले, याचे मला फार बरे वाटले.

आजच्या बर्गेनविषयी खरे सांगायचे तर गाव आता महाग आहे. चित्रकारांमुळे गावाला नाव मिळाले, नावामुळे पैसेवाले आले, पैसेवाल्यांमुळे घरे महागली, आणि आज एखादा तरुण चित्रकार तिथे खोली घ्यायला गेला तर त्याचे काम कठीण. दर ऑक्टोबरात दहा दिवस कलावंत आपली घरे आणि कामाच्या खोल्या लोकांसाठी उघड्या करतात. तो उत्सव मोठा होतो. पण गावाला सौंदर्य देणाऱ्यालाच गाव परवडू नये, ही गोष्ट तिथेही घडली आहे. आपल्या गिरणगावात ज्यांनी कापड विणले त्यांच्या चाळींच्या जागी कोणते मनोरे उभे राहिले, ते मी वेगळे सांगायला नको.

तरी एक फरक आहे, आणि तोच मी आपल्यापुढे ठेवतो. घरे महागली, पण वाळू कुणाला विकता आली नाही. टेकड्या सार्वजनिक ताब्यात आहेत. तिथे फिरायला किरकोळ तिकीट लागते, आणि त्या पैशातून त्यांची निगा राहते. समुद्रकिनाऱ्याला तिकीट नाही. बंगल्यातला शेठ आणि बसने आलेला झाडूवाला एकाच पाण्यात पाय बुडवतात. हे आपोआप झाले नाही. आठ तासांसाठी लढलेल्या माणसांनी उरलेल्या तासांचीही मागणी केली, सुटीसाठी घरे बांधली, आणि निसर्ग ही सर्वांची मालकी आहे असे ठासून सांगितले, म्हणून झाले.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. 1948 च्या कारखाना कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजेचा हक्क दिला. परंतु ती रजा आपण बहुधा विकून पैसे केले, किंवा लग्नाकार्यात आणि आजारपणात संपवली. यात कामगाराचा दोष नाही. त्याला विसाव्याची जागाच कुणी दिली नाही. आणि कंत्राटी कामगाराला तर आज रविवारसुद्धा उरलेला नाही. लोखंड्यांनी मिळवलेला दिवस आपल्या डोळ्यांदेखत परत जातो आहे.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. युनियनने पगाराची मागणी करावीच. ती सोडून चालणार नाही. पण तिच्या मागणीपत्रात विसाव्याचे एक कलम असावे. कोकणच्या किनाऱ्यावर कामगारांच्या वर्गणीतून चालणारी साधी घरे का असू नयेत? आपल्या कचेरीच्या भिंतीवर गावातल्या चित्रकाराकडून चित्र का काढून घेऊ नये, आणि त्याला त्याचा रास्त दाम का देऊ नये? या नगरात हौशी चित्रकार आहेत, बंद पडलेली सभागृहे आहेत, मोकळ्या भिंती तर पुष्कळ आहेत. सुरुवात करायला हॉलंडला जावे लागत नाही.

भाकरी ही पहिली. पण माणूस केवळ भाकरीसाठी संघटित होत नाही. आपल्या मुलाबाळांनी एकदा समुद्र पाहावा, यासाठीही तो होतो. ही मागणी चैनीची नाही, हक्काची आहे, एवढे आपल्याला पटले तरी माझे येणे सार्थकी लागले असे मी समजेन.